तपासणारा कोण? वऱ्हाडातल्या स्थानिक कारभाराच्या तपासणीची गोष्ट

आजचा विषय तसा कोरडा वाटेल. समित्या, इतिवृत्तं, लेखा आक्षेप. पण गावच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, अंगणवाडीतल्या पोराचं वजन कोण लिहितं, शाळेचं छत गळतं तेव्हा जाब कुणाला विचारायचा, हे सगळं या कोरड्या कागदांतच अडकलेलं असतं. म्हणून आज आपण एकच प्रश्न धरून चालू. स्थानिक कारभार तपासणारा कोण असतो, आणि तो तपासणाऱ्याच्या खुर्चीत कसा येऊन बसतो?

सुरुवात कापसापासून करू. वऱ्हाडात बसलो आहोत, दुसरीकडून सुरुवात करता येणारच नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. पुढे रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा ही नावं कापसाच्या व्यापारात दूरवर पोचली. बाजार वाढला तशी काट्यातली लबाडीही वाढली. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारावर देखरेख ठेवायला समित्या आल्या. देशातल्या नियंत्रित बाजारांच्या इतिहासात या कायद्याचा मान मोठा आहे, तो नाकारायचं कारण नाही.

पण त्या समित्यांवर बसलं कोण? काही सभासद नगरपालिकेचे, बाकीचे व्यापारी. ज्याच्या गाडीतला कापूस काट्यावर चढत होता, त्या शेतकऱ्याला तिथं जागा नव्हती. म्हणजे काटा ज्याच्या हातात, काट्यावर नजरही त्याचीच. शाही कृषी आयोगाचा अहवाल १९२८ मध्ये आला, तेव्हा उत्पादकाला प्रतिनिधित्व नाही या उणिवेची नोंद झाली. तोवर तीस वर्षं उलटून गेली होती. पहिला धडा इथं घेऊ: समिती असणं आणि तपासणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला नुकसान सोसावं लागतं तो समितीत नसेल, तर योग्य प्रश्न विचारलाच जात नाही.

त्याच १९२८ साली अमरावतीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या अध्यक्षपदी पंजाबराव देशमुख आले. पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले भाऊसाहेब, तेच. त्यांच्या काळात कौन्सिलने सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षणासाठी करही वाढवला. आता आपण विचार करू. विहीर खुली करण्याचा ठराव अमरावतीत होतो. विहीर असते खेड्यात. तिथं पोहरा खरोखर पडला का, हे बघायला गावाची आणि तालुक्याची माहिती असलेला माणूस लागतो. कर वाढवला की त्याचा हिशोबही लोक मागणारच. निवडून आलेल्या मंडळाच्या कामाचं खरं वजन इथं कळतं. ठराव करणं सोपं असतं, ठरावामागे चालत जाणं अवघड.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये जनपद योजना आणली. जिल्ह्याऐवजी तहसील हा घटक धरला आणि जनपद सभा स्थापन झाल्या. कारभार लोकांच्या जवळ आणायचा, हा हेतू चांगला होता. पण सभेचा कार्यकारी प्रमुख शासनाचाच महसुली अधिकारी. अंमल त्याचा आणि त्याच्या मागे सरकारचं वजन. अशा माणसाला तहसिलीतल्या सभासदाने जाब विचारायचा म्हणजे काय, हे आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलं आहे.

१९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात. लगेच २७ जून १९६० रोजी एक समिती नेमली गेली. अध्यक्ष वसंतराव नाईक, आपल्या शेजारच्या पुसदचे, तेव्हाचे महसूलमंत्री. १५ मार्च १९६१ ला अहवाल आला, शिफारशी २२६. त्यातली एक दिशा आपल्या विषयाला फार महत्त्वाची आहे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदी कलेक्टर सुचवला होता. महाराष्ट्राने कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवलं. अध्यक्ष निवडून आलेला आणि अंमल करणारा मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, जनपद सभा इतिहासजमा झाल्या.

आता ही यंत्रणा आतून कशी चालते ते पाहू. जिल्हा परिषदेची स्थायी समिती असते, अध्यक्ष स्वतः परिषदेचा अध्यक्ष. शिवाय वित्त, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, पशुसंवर्धन, महिला व बालकल्याण, जलव्यवस्थापन अशा विषय समित्या. सभेची विषयपत्रिका निघते. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं, मग अनुपालन. आमच्या मते सगळ्या विषयपत्रिकेत सगळ्यात मोलाचा विषय हा अनुपालनाचा. मागच्या सभेत विचारलेल्या प्रश्नाचं काय झालं, हे अधिकाऱ्याला तिथं सांगावं लागतं. 'कार्यवाही सुरू आहे' असं दोनदा ऐकून घेतलेला सभासद तिसऱ्यांदा ऐकून घेत नाही, निदान घेऊ नये.

अकोल्याचं उदाहरण घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी खारंच. म्हणून अकोट-तेल्हाऱ्याकडे ८४ खेडी पाणीपुरवठ्यासारख्या योजना आल्या. कागदावर योजना 'कार्यान्वित' असते. पण शेवटच्या टोकाच्या गावात पाणी कितव्या दिवशी आलं, हे त्या सर्कलच्या सभासदाला माहीत असतं, कारण सकाळी त्याच्या दारात बाया रिकामे गुंड घेऊन उभ्या असतात. ऑडिटरला ते दिसत नाही. त्याला दिसतं देयक, मोजमाप पुस्तिका, निविदा.

ऑडिटर कमी महत्त्वाचा आहे असं मात्र कुणी समजू नये. स्थानिक निधी लेखापरीक्षा दरवर्षी आक्षेप काढते. त्यांच्यावर विधिमंडळाची पंचायती राज समिती बसते, आपल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडची 'पीआरसी'. दोन्ही सभागृहांतले आमदार जिल्ह्यात येतात, लेखापरीक्षा अहवाल आणि वार्षिक प्रशासन अहवाल समोर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेतात, तालुक्यात जाऊन शाळा आणि दवाखाने बघतात. पीआरसी येणार म्हटलं की कुठं कुठं भिंतींना चुना लागतो, फायली रात्रभर शिवल्या जातात, हे इथल्या निवृत्त मंडळींना सांगायला नको. (हशा) ही तपासणी कडक असते, पण मागच्या वर्षांची असते. ज्या साली छत गळलं, त्या साली चौथीत असलेलं पोरगं साक्षीच्या दिवशी कॉलेजात गेलेलं असू शकतं.

आणि आतल्या समित्यांनी नेहमी काम चोख केलं, असंही म्हणता येत नाही. 'तू माझ्या सर्कलचं काम धर, मी तुझं धरतो' ही बोली आपण ऐकली आहे. 'ऐनवेळचे विषय' म्हणून न वाचलेले ठराव मंजूर होतात, हेही पाहिलं आहे. सगळ्यात बोचणारी गोष्ट मेळघाटची. आरोग्य समिती होती, महिला व बालकल्याण समिती होती, प्राथमिक आरोग्य केंद्रं परिषदेकडेच होती. तरी १९९३ मध्ये धारणी-चिखलदऱ्याच्या बालमृत्यूंचा प्रश्न मुंबईला, उच्च न्यायालयात पोचला आणि पुढे अनेक वर्षं तिथंच विचारला जात राहिला. जो प्रश्न अमरावतीच्या सभागृहात दर महिन्याला विचारायचा होता, तो सातशे किलोमीटरवर गेला. ही आपल्या सगळ्यांची नामुष्की आहे.

मग समित्या नकोतच, असं कुणी म्हणेल. त्याचंही उत्तर आपल्याला मिळालं आहे. मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची मुदत संपली, अमरावती आणि अकोला महानगरपालिकांचीही संपली. वेळेवर निवडणूक झाली नाही आणि प्रशासक बसले, तेही वर्षानुवर्षं. प्रशासक व्यक्ती म्हणून कितीही चांगले असोत, प्रश्न त्यांचा नाही. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अनुपालन स्वतःच स्वतःला सादर करणार. १८९७ चा काटा आठवा. एकशे पंचवीस वर्षांनी आपण फिरून तिथंच येऊन उभे राहिलो होतो. वाईट समितीत निदान एखादा भांडखोर सभासद असतो. रिकाम्या सभागृहात तोही नसतो.

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अंमलात आली, ती मुदतीत निवडणुका व्हाव्यात म्हणूनच. ती मुदत पाळली गेली नाही तेव्हा आपण किती जण रस्त्यावर आलो? प्रश्न विचारणारी जागा रिकामी झाली, हे आपल्याला जाणवलं तरी का?

जाता जाता एक विनंती. आपला सभासद निवडून आला की त्याला रस्ता मागाच, पण एक कागदही मागा. त्याच्या समितीचं इतिवृत्त. माहितीच्या अधिकारात ते मिळतं. त्यात त्याचं नाव किती वेळा आलं, त्याने काय विचारलं आणि पुढच्या सभेत उत्तर काय मिळालं, एवढंच बघा. नाव कुठंच नसेल, तर चहा प्यायला घरी बोलवा आणि विचारा, 'भाऊ, तुम्ही तिथं करता तरी काय?'

तपासणारा कोण, या प्रश्नाचं उत्तर शेवटी तिथवर येतं.