मा आनंद शीला : मौनव्रती गुरूंच्या प्रवक्त्या

भगवान रजनीश (पुढे ओशो) यांच्या खासगी सचिव आणि त्यांच्या पंथाच्या प्रवक्त्या म्हणून मा आनंद शीला १९८१ ते १९८५ या काळात जगभर ओळखल्या गेल्या. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात पंथाने वसविलेल्या रजनीशपुरमचा कारभार त्यांच्याच हाती होता. त्या काळातील गुन्ह्यांप्रकरणी त्यांना तुरुंगवास झाला. त्यांच्या शब्दांना आणि कृतींना गुरूंची संमती कितपत होती, हा प्रश्न आजही वादाचा आहे.

बडोदे ते पुणे

शीला अंबालाल पटेल यांचा जन्म २८ डिसेंबर १९४९ रोजी बडोदे येथे झाला. शिक्षणासाठी त्या न्यू जर्सीतील माँटक्लेअर स्टेट कॉलेजात गेल्या. मार्क सिल्व्हरमन यांच्याशी विवाह झाल्यानंतर १९७२ मध्ये हे दाम्पत्य भारतात आले आणि दोघांनी रजनीश यांचे शिष्यत्व पत्करले. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये आश्रम सुरू झाला. तेथे शीला हळूहळू व्यवस्थापनात पुढे आल्या. १९८० मध्ये सिल्व्हरमन यांचे निधन झाले.

करसवलत रद्द झाल्याने आणि मोठ्या वसाहतीसाठी जागा न मिळाल्याने आश्रम अडचणीत होता. १९८१ मध्ये रजनीश यांनी जाहीर मौन धारण केले आणि त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. मा योग लक्ष्मी यांच्या जागी शीला सचिव झाल्या.

रजनीशपुरम

१९८१ मध्ये पंथाने ओरेगॉनमधील सुमारे ६४ हजार एकरांचे ‘बिग मडी रँच’ ५७.५ लाख डॉलरना विकत घेतले. तेथे रस्ते, घरे, धरण आणि धावपट्टी उभारून शहर वसविण्यात आले. जमीनवापराच्या नियमांवरून शेजारच्या अँटेलोप गावाशी व राज्य सरकारशी तंटे सुरू झाले.

रजनीश यांचे जाहीर मौन सुमारे साडेतीन वर्षे टिकले. या काळात पंथाची भूमिका जगाला प्रामुख्याने शीला यांच्याच मुखातून कळत होती. त्यांची आक्रमक वक्तव्ये दूरचित्रवाणीवर गाजली. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका मुलाखतीत तेथील विरोधकांना त्यांनी दिलेले शिवराळ उत्तर आजही उद्धृत केले जाते.

१९८४ मध्ये वास्को परगण्याच्या निवडणुकीवर प्रभाव पाडण्यासाठी देशभरातून हजारो बेघर व्यक्ती वसाहतीत आणण्यात आल्याचा आरोप झाला. त्याच सुमारास द डॅल्स शहरातील दहा उपाहारगृहांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळण्यात आले. ७५१ जणांना विषबाधा झाली. ४५ जण रुग्णालयात दाखल झाले. कोणीही दगावले नाही. अमेरिकेतील जैविक दहशतवादाच्या पहिल्या मोठ्या घटनांत तिची गणना होते.

आरोप आणि शिक्षा

सप्टेंबर १९८५ मध्ये शीला काही सहकाऱ्यांसह युरोपला निघून गेल्या. त्यानंतर रजनीश यांनी पत्रकार परिषद घेऊन विषप्रयोग व चोरून संभाषण ऐकण्याचे आरोप त्यांच्यावर केले. आपल्याला काहीच माहीत नव्हते, असे सांगितले. २८ ऑक्टोबर रोजी शीला यांना पश्चिम जर्मनीत अटक झाली. १९८६ मध्ये सरकारी पक्षाशी झालेल्या समझोत्यानुसार रजनीश यांच्या डॉक्टरांच्या हत्येचा प्रयत्न, परगण्याच्या दोन अधिकाऱ्यांवरील विषप्रयोग, सॅलड बार प्रकरण आणि बेकायदा ध्वनिमुद्रण यांसाठी त्यांना शिक्षा झाली. कमाल शिक्षा २० वर्षांची होती. प्रत्यक्षात २९ महिन्यांनी, १९८८ मध्ये त्यांची सुटका झाली.

रजनीश यांच्यावर विषबाधेचा आरोप ठेवण्यात आला नाही. स्थलांतरविषयक गुन्ह्यांत चार लाख डॉलर दंड भरून त्यांनी अमेरिका सोडली. १९८७ मध्ये ते पुण्यात परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

उत्तरायुष्य

शीला स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाल्या. तेथे त्यांनी वृद्ध व अपंग व्यक्तींसाठी निवासी शुश्रूषागृहे चालविली. ओरेगॉनमधील सरकारी वकिलाच्या हत्येच्या कटाच्या तयारीप्रकरणी १९९९ मध्ये स्विस न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. मात्र आधी भोगलेला कारावास पुरेसा मानला. २०१२ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. २०१८ च्या ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ या माहितीपट मालिकेने त्यांना नव्या पिढीपुढे आणले. गुरूंनी जाहीरपणे दोषी ठरविल्यानंतरही रजनीश यांच्यावरील आपले प्रेम त्या मुलाखतींतून व्यक्त करीत आल्या आहेत.