वीतभर अंतराचा इतिहास

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "तांब्याच्या तारेऐवजी ऑप्टिकल फायबर का वापरायची?" मी ठोकून दिलं, "सर, प्रकाश जास्त वेगानं जातो." मार्क मिळाले. उत्तर मात्र चूक होतं.

काचेच्या फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर असतो. चांगल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा सिग्नलही जवळपास तितक्याच वेगानं पोचतो. फरक पडतो तो गर्दी वाढली की. दर सेकंदाला जितके जास्त बिट्स पाठवाल, तितका तांब्यातला सिग्नल लवकर विरतो आणि तो रेटायला जास्त वीज लागते. प्रकाशाला हा त्रास फारसा नाही. शिवाय एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबीचे कितीतरी प्रवाह शेजारी शेजारी जाऊ शकतात.

हे एवढं चांगलं असेल, तर माझ्या संगणकातल्या चिपपर्यंत प्रकाश का आला नाही? या प्रश्नामागे लागलो आणि एक चिकाटीचा इतिहास हाती लागला.

१९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी हिशेब मांडला. एक किलोमीटरनंतर निदान १ टक्का प्रकाश शिल्लक राहील इतकी शुद्ध काच मिळाली, तर तिच्यातून टेलिफोन चालेल. त्या काळच्या काचेला हे जमण्यासारखं नव्हतं. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते करून दाखवलं. १९८८ साली टॅट-८ ही फायबरची केबल अटलांटिकखालून सुरू झाली. पुढे प्रकाश शहरांत आला, डेटा सेंटरमध्ये आला आणि चिपच्या दारात येऊन थांबला. शेवटचं वीतभर अंतर तांब्याकडेच राहिलं.

अडचण सिलिकॉनची होती. त्यात इलेक्ट्रॉननं ऊर्जा सोडली की प्रकाशाऐवजी बहुतेक उष्णताच मिळते. लेसरसाठी गॅलियम आर्सेनाइड, इंडियम फॉस्फाइड असे महागडे पदार्थ लागतात. चिपचे कारखाने मात्र सिलिकॉनभोवती उभे राहिलेले.

अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतल्या रिचर्ड सोरेफ यांनी १९८०च्या दशकात वेगळा विचार केला. आपल्या डोळ्यांना अपारदर्शक दिसणारं सिलिकॉन टेलिकॉमच्या अवरक्त प्रकाशाला काचेसारखं पारदर्शक असतं. मग त्यानं स्वतः उजेड पाडायची गरजच काय? लेसर बाहेर ठेवा, सिलिकॉननं फक्त झडप व्हावं. त्यातल्या विद्युतभारांची संख्या बदलली की अपवर्तनांक किती बदलतो, याचं गणित त्यांनी ब्रायन बेनेट यांच्यासोबत १९८७ साली मांडलं. २००४ साली इंटेलच्या संशोधकांनी अशी झडप सेकंदाला अब्जाहून जास्त वेळा उघडबंद करता येईल, हे दाखवलं.

मला सगळ्यात आवडतो तो २०१५ सालचा प्रयोग. बर्कली, एमआयटी आणि कोलोरॅडो इथल्या संशोधकांनी एकाच चिपवर ७ कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर आणि सुमारे ८५० प्रकाशीय घटक बसवले. प्रोसेसर मेमरीशी प्रकाशानं बोलला. झडपा म्हणजे सिलिकॉनच्या सूक्ष्म कड्या होत्या. तापमान बदललं की त्यांचा सूर बिघडतो, म्हणून त्या जुळवायला छोटे हीटर दिले होते. पण ट्रान्झिस्टर बनवायची कारखान्यातली प्रक्रिया त्यांनी जराही बदलली नाही. ट्रान्झिस्टरसाठी असलेल्या थरांतच प्रकाशाच्या वाटा आखल्या. चालू सिस्टिमला धक्का न लावता नवं काही जोडणं किती अवघड असतं, ते मी रोज अनुभवतो. त्यामुळे इथे हात जोडले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले डेटा इकडून तिकडे हलवणं फुकट समजतो. कोडमध्ये ती एक ओळ असते. प्रत्यक्षात प्रत्येक बिट हलवायला वीज लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरमध्ये हजारो चिप्स सतत एकमेकींशी बोलत असताना ते बिल डोंगराएवढं होतं. म्हणूनच २०२५ साली एन्व्हिडियानं प्रकाशीय भाग स्विचच्या चिपला अगदी खेटून बसवलेली यंत्रं जाहीर केली. ते वीतभर अंतर आता मिलिमीटरांवर येतंय.

आज तोच प्रश्न विचारला, तर माझ्या उत्तरात 'वेग' हा शब्द येणार नाही. मी विजेचं बिल सांगेन.