स्वनिर्णय आणि स्मृतिरंजन : गोव्याच्या सार्वमताचा पुनर्विचार

त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांनी १९४४ साली गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणाची मीमांसा केली, तेव्हा ती एका जिवंत सत्तेविरुद्धचे शस्त्र होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती सत्ता संपली. त्यानंतर मात्र तीच मीमांसा स्मृतींचा निवाडा करण्यासाठी वापरली जाऊ लागली. पोर्तुगीज काळाविषयीची हुरहूर म्हणजे दास्यवृत्तीचा अवशेष, असे समीकरण रूढ झाले. परंतु स्मृतिरंजन ही एकाच पक्षाची मिरास होती काय?

१६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा संघप्रदेश. स्वनिर्णयाची कक्षा अशी आधीच आखलेली होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. हा कौल भविष्याविषयीचा होता. परंतु दोन्ही पक्षांनी मतदारापुढे ठेवले ते आपापले भूतकाळ. विलीनीकरणवाद्यांना पोर्तुगीजपूर्व सांस्कृतिक एकात्मता पुन्हा सांधायची होती. विरोधकांना मधल्या काळात घडलेले वेगळे व्यक्तिमत्त्व जपायचे होते.

‘साडेचारशे वर्षे’ हा दोन्हीकडचा परवलीचा शब्द. वस्तुतः ही कालगणना १५१० साली जिंकलेल्या तिसवाडीची आहे. बार्देश आणि सासष्टी १५४३ च्या सुमारास पोर्तुगिजांकडे गेले. फोंडा, पेडणे, सत्तरी हे ‘नव्या काबिजादी’तील महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडण्याची पोर्तुगीज स्मृती दोनशे वर्षांचीही नाही. तिसवाडीचा काळ साऱ्या गोव्याचा काळ ठरतो, तेथे इतिहासाचे स्मृतिरंजन होते.

विमला देवी यांचा ‘मोंसांव’ हा पोर्तुगीज कथासंग्रह १९६३ साली लिस्बनमध्ये प्रसिद्ध झाला. दुरून आठवलेल्या या गोव्यात भाटकाराचे घर आहे आणि त्याच्या छायेत जगणारा मुंडकारही आहे. त्यामुळे तेथील हुरहूर निर्भेळ राहत नाही. ज्या मुंडकाराचे घरच भाटकाराच्या जमिनीवर, त्याने कोणत्या घराची आठवण काढावी? दयानंद बांदोडकरांच्या राजवटीत १९६४ साली कूळकायदा झाला. बहुजनसमाजातील अनेकांनी सार्वमतात विलीनीकरणाच्या ‘फुला’ला दिलेले मत केवळ मराठीसाठी नव्हते, त्यात भाटकारशाहीच्या पुनरागमनाचे भयही होते.

उलट, विलीनीकरणविरोधी ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतच निघत होते. मूळचे मराठी कथाकार लक्ष्मणराव सरदेसाई विरोधकांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे मराठीचे प्रेम आणि विलीनीकरणाची मागणी या दोन गोष्टी समव्याप्त नव्हत्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मुभा ठेवली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले. विलीनीकरण आणि संघप्रदेश हे सार्वमतातील दोन्ही पर्याय तेव्हा मागे पडले.

गोमंतकीय साहित्यातील हुरहुरीचा विचार करताना ती पोर्तुगीज की मराठी, हा प्रश्न म्हणूनच गौण ठरतो. आठवणारा त्या घरात कोठे उभा होता, सोप्यावर की अंगणाबाहेर, हे आधी पाहावे लागते. हा निकष मराठी समीक्षेने स्वतःच्या स्मृतींनाही लावला पाहिजे.