डाव्या पायाचे काम

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने दोन अटी घातल्या होत्या : अमेरिकेचे प्रवासवर्णन नको, आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य नको. पहिली अट पाळली आहे. दुसरीचे काही खरे नाही, कारण माझा विषयच १९६८ सालचा आहे.

आपली सातवीची पन्हाळ्याची सहल आठवते का? लाल गाडी वाघबीळच्या चढाला लागली आणि आम्ही चौघे-पाच जण ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला लटकलो. दरी बघायला नाही, त्याचे पाय बघायला. क्लच दाबून दांडा मध्ये आणायचा, क्लच सोडून इंजिनला थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. दात न वाजता गिअर पडला की आम्ही टाळ्या वाजवत होतो. इतिहासाचे सर पुढच्या सीटवरून ओरडले, ‘‘अरे, गड बघायला चाललोय आपण, गिअर नव्हे!’’ सर, त्या दिवशी गडावर तुम्ही सांगितलेले माझ्या फारसे लक्षात राहिले नाही. त्याची भरपाई म्हणून हा लेख तुमच्या विषयात लिहितो आहे.

डेट्रॉइटजवळ मी तीस वर्षे राहतो आणि मोटारींच्याच धंद्यात पोट भरतो. गॅरेजमध्ये एक १९६८ ची डॉज चार्जर आहे. डॉज हे नाव आपल्याकडे परके नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला गाड्या जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथच होत्या; फियाट नंतर आली. माझी चार्जर कारखान्यातून बाहेर पडली ती ऑटोमॅटिक. मी तिला क्लच बसवला आणि चार गिअरची केली. इकडचे बरेच हौशी लोक हा उद्योग करतात. ज्या देशाने डाव्या पायाला रजा देण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच देशातले लोक स्वतःच्या खिशातले पैसे घालून त्याला पुन्हा कामाला का लावतात, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

१९२० च्या दशकात अमेरिकेतही गिअर टाकणे म्हणजे आपल्या एसटी ड्रायव्हरसारखीच कसरत होती. अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरने त्यावर उपाय काढला : दात एकमेकांत गुंतण्याआधी फिरत्या भागांचे वेग घर्षणाने जुळवून घ्यायचे. ही सिंक्रोमेश पद्धत १९२८ मध्ये कॅडिलॅकने बाजारात आणली आणि गिअर सगळ्यांना टाकता येऊ लागले. गंमत पुढेच आहे. क्लचचे पेडलच नाहीसे करणारी हायड्रामॅटिक ज्या गटाने घडवली, त्याचे नेतृत्वही जनरल मोटर्समध्ये याच थॉम्पसनकडे होते. ती १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली. म्हणजे ज्याने गिअर टाकणे सोपे केले, त्यानेच ते अनावश्यकही केले. दुसऱ्या महायुद्धात ही हायड्रामॅटिक एम-५ या हलक्या रणगाड्यात बसली. दोन कॅडिलॅक इंजिने आणि प्रत्येकाला एक. युद्धानंतर तिच्या टिकाऊपणाची वेगळी जाहिरात करायची गरज उरली नसावी.

१२ ऑगस्ट १९५३ ला लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना जळून खाक झाला. हे गाव माझ्या घरापासून फार लांब नाही. जनरल मोटर्सने तातडीने विलो रनचा कारखाना घेतला, जिथे युद्धकाळात फोर्ड कंपनी बी-२४ बॉम्बर विमाने बांधत असे. मधल्या काळात कॅडिलॅकच्या काही गाड्यांना ब्यूइकची डायनाफ्लो ही दुसरीच ऑटोमॅटिक बसवली गेली. मला आगीपेक्षा हा तपशील जास्त बोलका वाटतो. कारखाना जळाला तरी कॅडिलॅकच्या गिऱ्हाइकाला ‘थोडे दिवस क्लच दाबा’ असे सांगायची कोणाची तयारी नव्हती. सगळे मिळून अवघी तेरा-चौदा वर्षे झाली होती.

क्रायस्लर या शर्यतीत मागून आली, पण चांगली आली. तिची तीन गिअरची टॉर्कफ्लाइट १९५६ मध्ये निघाली आणि १९६२ मध्ये ॲल्युमिनियमच्या आवरणातली ७२७ आली. काही वर्षे या गाड्यांत गिअर बटणे दाबून बदलत; डॅशबोर्डवर ओळीने बटणे, जणू लिफ्टच. १९६४ च्या मॉडेलनंतर बटणे गेली. ७२७ मात्र इतकी दणकट निघाली की तिच्या मजबुतीबद्दल आजही मेकॅनिक लोक आदराने बोलतात.

१९६४ लाच पाँटिअॅकने जीटीओ काढली आणि मसल कारचे युग सुरू झाले. मध्यम आकाराची साधी गाडी, तिच्यात मोठ्या गाडीचे इंजिन, आणि किंमत नोकरीला नुकत्याच लागलेल्या पोराला हप्त्याने परवडेल अशी. त्या जीटीओत तीन गिअरची मॅन्युअल मूळ किमतीत मिळे. चार गिअर किंवा ऑटोमॅटिक हवी तर जादा पैसे. चारच वर्षांनी डॉजने चार्जर आर/टी विकायला काढली, तेव्हा तिच्यात टॉर्कफ्लाइट हीच नेहमीची आणि चार गिअरची मॅन्युअल मागितली तर त्याच किमतीत. कंपन्या वेगळ्या असल्या तरी वारा कुठे वाहत होता ते यावरून कळते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, जो माझाही होता. मसल कार म्हणजे क्लच, आणि ऑटोमॅटिक म्हणजे ज्याला जमत नाही त्याची सोय, असे आज मानले जाते. त्या काळच्या शर्यतवाल्यांना तसे वाटत नव्हते. ‘रॅमचार्जर्स’ हा क्रायस्लरच्याच इंजिनिअर मंडळींचा क्लब. त्यांनी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाव मैलाच्या शर्यतीत टॉर्कफ्लाइटच्या गाड्या पळवल्या आणि भल्याभल्या चार गिअरवाल्यांना मागे टाकले. माणसाचा हात एखादा गिअर चुकतो. टॉर्कफ्लाइट चुकत नाही. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री सिग्नलला शेजारी उभ्या राहणाऱ्या पोरांनाही हे माहीत होते.

मग क्लचला ही इभ्रत आली कुठून? माझ्या मते बरीचशी नंतर आली आणि थोडी सिनेमातून आली. ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘बुलिट’ प्रदर्शित झाला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर सुमारे अकरा मिनिटे एक मस्टँग आणि एक काळी चार्जर एकमेकींचा पाठलाग करतात. दोन्ही चार गिअरच्या. पाठलाग रंगात आला की संगीत थांबते आणि फक्त इंजिने आणि गिअर ऐकू येतात. (एकच हिरवी फोक्सवॅगन त्या पुन्हा पुन्हा ओलांडतात, तिकडे लक्ष देऊ नये.) १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा, विम्याचे वाढलेले हप्ते आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा यांनी त्या गाड्यांचे दिवस संपवले. ज्यांना तेव्हा त्या परवडल्या नव्हत्या, त्यांच्या हातात पुढे पैसे आले. त्यांना आठवणीतली गाडी हवी होती, आणि आठवणीतल्या गाडीला क्लच होता. खऱ्याखुऱ्या चार गिअरच्या गाड्या महाग झाल्या, ऑटोमॅटिक स्वस्त राहिल्या. स्वस्त घ्यावी आणि गिअरबॉक्स बदलावा, हा हिशेब त्यातून निघाला. मीही तोच केला.

माझ्या गाडीचा क्रमांक ‘एक्सपी२९एच८बी’ने सुरू होतो. म्हणजे चार्जर, ३८३ घन इंचाचे चार बॅरल कार्ब्युरेटरचे इंजिन, १९६८ साल आणि हॅमट्रॅमकचा कारखाना. हा ‘डॉज मेन’ १९८० मध्ये बंद झाला आणि पुढे पाडला गेला. आमच्या गल्लीत राहणारे एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी तिथे कामाला होते. ते रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन माझ्या गॅरेजच्या दारात बसत आणि माझ्या चुका मोजत.

चुका भरपूर होत्या. गिअरबॉक्स काढून दुसरा बसवला की झाले, असे लांबून वाटते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनच्या मागे पातळ चकती आणि तेलाचा कन्व्हर्टर असतो. त्याऐवजी जड फ्लायव्हील, क्लच आणि वेगळे बेल हाउसिंग लागते. पेडलची जोडी बदलायची. पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारी आडवी नळी इंजिन आणि चासी यांच्यामध्ये बसवायची. मागचा लांब शाफ्ट पुन्हा मोजायचा. क्रँकशाफ्टच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारा बुश बसतो. पण ऑटोमॅटिकसाठी बनवलेल्या क्रँकला ते भोक बऱ्याचदा पूर्ण मापाचे केलेलेच नसते. कारखान्याने तरी फुकटची मजुरी का करावी? यावर उतारा म्हणजे कन्व्हर्टरच्या मोठ्या खाचेत बसणारे, नव्वदीतल्या क्रायस्लर इंजिनांचे एक बेअरिंग. ते ठोकून बसवले.

बेल हाउसिंग मात्र मी घाईत तसेच आवळले. त्याचे मधले भोक क्रँकच्या मध्याशी पाच थाऊच्या आत जुळायला हवे. डायल गेज लावून तपासायला अर्धा दिवस जातो. माझे वडील उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभे होते. त्यांच्या मुलाने हे न मोजता करावे याची मला आजही लाज वाटते. गाडी सुरू केल्यावर घरघर येऊ लागली. सगळे उतरवून मोजले तर सोळा थाऊ. सरकवलेल्या मध्याच्या पिना घालून ते चारवर आणले.

त्याआधी पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा गाडी नुसती ढिम्म. दोन तास वायरी तपासल्या. शेवटी खुर्चीतून आवाज आला, ‘‘न्यूट्रलची वायर.’’ ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून स्टार्टरच्या रिलेची एक वायर गिअरबॉक्समधल्या स्विचला जाते. तो स्विच तर जमिनीवर पडला होता. वायर चासीला जोडली आणि इंजिन लागले.

खरी अडचण तळाच्या पत्र्याची होती. चार गिअरचा बॉक्स आणि त्याचा दांडा मावायला तळ कापून वर एक उंचवटा जोडावा लागतो. बाकीचे सगळे नट-बोल्टचे काम, उद्या परत फिरवता येईल. पण पन्नास वर्षे ज्याला कोणी हात लावला नाही तो पत्रा कापायचा? ग्राइंडर हातात घेऊन मी दोन आठवडे काढले. गृहस्थ म्हणाले, ‘‘अहो, आम्हीही तेच करायचो. फोर-स्पीडची ऑर्डर आली की तोच पत्रा तिथंच कापायचा आणि उंचवटा वेल्ड करायचा. तुमच्यापेक्षा वाकडाच कापायचो.’’ मी कापला.

गाडी छान चालली. क्लच जड आहे, वुडवर्डच्या सिग्नलला थांबून थांबून मांडी भरून येते, आणि खरे सांगायचे तर ती पूर्वीपेक्षा वेगवान झालेली नाही. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर दांडा ओढला की वाघबीळचा चढ आठवतो. यासाठी मी गाडीची बाजारातली किंमत कमी करून घेतली. ज्यांना सगळे क्रमांक कारखान्याचे लागतात त्या मंडळींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याचे मला वाईट वाटले नाही.

वाईट वाटले ते आठ महिन्यांनी. मूळ मालक वारल्यावर ज्या मुलीने मला गाडी विकली होती, तिला घर आवरताना एक पाकीट सापडले. ते तिने माझ्याकडे पाठवले. आत विक्रेत्याची मूळ पावती आणि एक फोटो होता. नवी कोरी चार्जर, आणि तिला टेकून उभा एक पंचविशीतला तरुण, हातात काठी. चिठ्ठीत मुलीने लिहिले होते की बाबा १९६७ मध्ये व्हिएतनामहून परत आले ते डावा पाय गुडघ्याखाली गमावून. मी मात्र मित्रांना आजवर सांगत आलो होतो की पहिला मालक आळशी असला पाहिजे.

मी पाकीट गृहस्थांना दाखवले. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि ‘‘हं’’ म्हणून परत दिला.

मुलीला मी फोन केला आणि काय केले ते सांगितले. ती रागावली नाही. बाबांना गाडीचा आवाज आवडायचा, तो तसाच आहे ना, एवढेच तिने विचारले. ७२७ मी विकणार होतो, गिऱ्हाईकही ठरले होते. त्याला नाही म्हणून कळवले. त्या बॉक्सच्या बाजूला गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले आहेत, ते आता पुसून स्वच्छ केले आहेत. कापलेला पत्राही टाकलेला नाही. फोटोची एक प्रत आणि तो पत्रा दोन्ही बॉक्सला बांधून ठेवले आहेत, म्हणजे पुढे गाडी घेणाऱ्याला हवे तर सगळे परत जोडता येईल. गॅरेजच्या कोपऱ्यात तो लाकडी घोडीवर आहे. सील वाळू नयेत म्हणून महिन्यातून एकदा त्याचा शाफ्ट हाताने दोन-चार फेरे फिरवतो.