खोगिराचा पट्टा

परवा अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन आला. पठ्ठ्या सध्या छोटं विमान चालवायला शिकतोय (वहिनीला हे अजून पचलेलं नाही!). त्या दिवशीचं उड्डाण रद्द झालं होतं. कारण काय, तर सीटचा पट्टा! कड विसविशीत झालेली आणि पट्टा विमानाच्या सांगाड्याला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचं भोक झिजून लांबट झालेलं. मेकॅनिकने विमान सरळ बाजूला ठेवलं.

"अरे, मग मोच्याकडून चार टाके मारून घ्यायचे!" मी म्हणालो.

"काका, तसं नाही चालत," म्हणत तो हसला.

गंमत म्हणजे या पट्ट्याची सुरुवात जवळजवळ मोच्याकडेच झाली. १९१० साली टेक्सासात बेंजामिन फुलॉय हा लष्करी अधिकारी राइट बंधूंचं विमान उडवत होता. पुढे उघडी बैठक, धरायला फारसं काही नाही. एकदा तो बाहेर फेकला जाता जाता वाचला. मग त्याने घोड्यांची खोगिरं बनवणाऱ्याकडून चामड्याचा पट्टा करून घेतला आणि स्वतःला बांधूनच उडू लागला.

सगळ्यांनी हा धडा घेतला नाही. १ जुलै १९१२ रोजी बॉस्टनजवळ हॅरिएट क्विम्बी आणि तिचा सहप्रवासी विमानातून बाहेर फेकले जाऊन मेले. दोघांनाही पट्टा नव्हता. विमान मात्र नंतर आपलं आपण खाली येऊन चिखलात रुतलं, फारसं न मोडता!

म्हणजे पट्टा बांधला की झालं? तर तसंही नाही. १९१७ साली ह्यू डीहेवन नावाचा शिकाऊ वैमानिक हवेतल्या टकरीतून कसाबसा वाचला. पोटात भयंकर जखमा होत्या. त्याला वाटलं, या जखमा अपघातामुळे नाहीत, तर पट्ट्याच्या टोकदार बकलामुळे झाल्या. जे वाचवायला लावलं, तेच पोटात घुसलं! हा विचार त्याने सोडला नाही. १९४२ साली त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धक्का कुठे आणि किती जागेवर बसतो, यावर जगणं-मरणं ठरतं, हे त्याने दाखवलं. खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याचं महत्त्व त्यातूनच कळतं. नुसता कमरेचा पट्टा असला, तर डोकं समोरच्या पॅनेलवर आपटतं.

अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत पुढच्या सीटांना खांद्याचे पट्टे सक्तीचे झाले, आणि १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्यांत सगळ्याच सीटांना. त्याआधीच्या विमानांत ते मागाहून बसवतात. तेही कुठेतरी स्क्रू मारून नव्हे, सांगाड्यातल्या भक्कम जागेला.

पुतण्याने मग मला सगळं समजावलं. नायलॉन उन्हाने कमजोर होतं, त्यामुळे कड विसविशीत दिसली की आतलंही गेलंय असं धरायचं. वरून टाके मारले तर नवी भोकं पडतात, पट्टा तिथेच फाटू शकतो. झिजलेलं भोक वेल्डिंगने भरलं तर उष्णतेने त्या पोलादाची ताकद उतरू शकते. म्हणून पट्टा मान्यताप्राप्त कारखान्यात पाठवायचा, तिथे ठरलेला कपडा, ठरलेला धागा, ठरलेली शिवण. धातूची पट्टी तर नवीच. कापड, शिवण, पट्टी, बोल्ट, सांगाडा... यातलं एक जरी झिजलं तरी बाकीच्यांची ताकद काय कामाची?

मोच्याला कमी लेखायचं नाही हं. फुलॉयला त्यानेच वाचवलं. पण त्याला उत्तर द्यायचं होतं एकाच प्रश्नाचं: माणूस बाहेर पडू नये. पुढचे प्रश्न डीहेवनला स्वतःच्या पोटावर झेलावे लागले.

काल पुतण्याने नव्या पट्ट्याचा फोटो पाठवला. वहिनीने चष्मा लावून शिवण निरखली आणि म्हणाली, "बरी घातलीय. पण त्याला सांगा, दर वेळी ओढून बघत जा म्हणावं."

मेकॅनिकही हेच सांगतो म्हणे.