पांढरी तीनवरून काळी एक

सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली. तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. तिथे बोटाला कात्री लागली तर दिवसाची कमाई घटते. हेवी मेटलला आपण कानठळ्या म्हणून हसतो, पण त्याची कुळकथासुद्धा अशाच कामगाराच्या बोटांपासून सुरू होते.

बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा नेमका तोच हात. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो दोन बोटांवर गिटार वाजवत असे. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं. जाड तारा सोसवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे त्या सैल करून पट्टीही उतरवली. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या 1971च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त गिटार तीन पट्ट्या खाली आली. पेटीवाल्यांच्या हिशेबाने पांढरी तीनवरून काळी एक. बोटांवरचा ताण हलका झाला आणि आवाज जड.

या जडपणावर पुढच्या पिढ्या पोसल्या. अमेरिकेच्या कॉर्न या बँडने 1994च्या पहिल्या अल्बमात सात तारांची गिटार थेट खालच्या पांढरी सहापर्यंत नेली. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या डब वॉर या बँडने मेटलमध्ये रेगे मिसळला. सुरुवात 1993ची, मोडला 1999ला. मधे ‘पेन’ आणि ‘राँग साइड ऑफ ब्यूटिफुल’ हे दोन अल्बम. गायक बेंजी वेबने नंतर स्किनड्रेड काढला, तो जास्त टिकला आणि गाजला. तरी मला खडबडीत डब वॉरच उजवा वाटतो. न्यूपोर्टही पोलादाचंच गाव. तिथला लॅनवर्न कारखाना 2007पासून आपल्या टाटांकडे आहे.

ब्लॅक सॅबथचा अखेरचा कार्यक्रम 5 जुलै 2025ला बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क मैदानावर झाला. आयोमीने तोही टोपणं घालूनच वाजवला.