आधी वाचा, मग कान

सिंगापुरात दहापैकी जवळपास आठ माणसं सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये राहतात. वर शेजारी, खाली शेजारी, भिंतीपलीकडे शेजारी. तिथे इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर पोटभर वाजवायची सोय नाही. मग गिटारची केबल एका छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये जाते, तिथून लॅपटॉपमध्ये, आणि वाजवणाऱ्याच्या कानावर हेडफोन. एकदा सिग्नल आत गेला की त्यातून गिटारच निघाली पाहिजे असंही नाही. तार छेडली की सेलो वाजतो, बासरी वाजते, प्रोग्रॅम सांगेल ते वाजतं.

या वाटेचा एक मोठा तुकडा याच शहरात बांधला गेला, आणि बांधणाऱ्यांच्या मनात गिटार नव्हती.

१९८१ साली सिम वोंग हू आणि त्याचा मित्र एंग काई वा यांनी चायनाटाउनच्या कडेला, पर्ल्स सेंटर नावाच्या इमारतीत, संगणक दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं. नाव क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. (इमारत पुढे मेट्रोच्या कामासाठी पाडली.) आपल्याकडच्या लॅमिंग्टन रोडवर खपून गेलं असतं असलं ते दुकान. सिम शिकलेला इंजिनिअरिंग, पण हात माउथ ऑर्गनवर बसलेला, आणि संगणकाकडून संगीत काढायचं हे वेड जुनं. १९८६ मध्ये त्यांनी क्युबिक सीटी नावाचा बोलणारा-गाणारा संगणक काढला. तो चालला नाही. १९८७ मध्ये क्रिएटिव्ह म्युझिक सिस्टिम नावाचं साउंड कार्ड काढलं. बारा आवाज, सोबत सुरावट रचायचं सॉफ्टवेअर. संगीतकारांसाठी काढलेलं हे कार्डही फारसं खपलं नाही. तेच कार्ड अमेरिकेत ‘गेम ब्लास्टर’ या नावाने विकायला काढलं, यातच बाजाराने दिलेलं उत्तर आहे.

गिऱ्हाईक खेळणारं होतं. १९८९ च्या साउंड ब्लास्टरने ते ओळखलं. प्रतिस्पर्धी अ‍ॅडलिब कार्डावरची यामाहाची चिप यातही बसवली, म्हणजे अ‍ॅडलिबसाठी लिहिलेले गेम आपोआप वाजणार. ध्वनिमुद्रित आवाज वाजवायची सोय दिली, म्हणजे गोळी सुटल्याचा आवाज गोळीसारखा येणार. आणि जॉयस्टिकचा पोर्ट फुकटात दिला, म्हणजे त्यासाठीचं वेगळं कार्ड विकत घ्यायला नको. माझ्या मते कार्ड घराघरांत पोचवण्यात या तिसऱ्या, अगदी हिशेबी युक्तीचा वाटा लोक मानतात त्याहून मोठा आहे. त्याच पंधरा पिनांच्या पोर्टातून मिडी, म्हणजे वाद्यांनी संगणकाशी बोलायची भाषा, हीही जात होती. सिमचं संगीत असं जॉयस्टिकच्या आडोशाने आत शिरलं. १९९२ मध्ये नॅसडॅकवर नोंदणी झालेली क्रिएटिव्ह ही सिंगापूरची पहिली कंपनी ठरली.

कार्डाला मायक्रोफोनचं भोकही होतं. पण संगणकाला वाचा देताना जेवढी मेहनत झाली, तेवढी कानासाठी झाली नव्हती. पहिलं साउंड ब्लास्टर सेकंदाला सुमारे बारा हजार नमुन्यांनी मुद्रण करी, तेही ८ बिटांत, म्हणजे आवाजाच्या चढउताराला फक्त २५६ पायऱ्या. बारा हजारांत सहा हजार हर्ट्झच्या वरचं काही टिकत नाही. गंमत अशी की इलेक्ट्रिक गिटारला हे फारसं जाचलं नसतं, कारण गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकरही साधारण त्याच सुमाराला मान टाकतो. खरी अडचण निराळी होती. कार्ड एका वेळी एकच काम करी: ऐकेल किंवा बोलेल. तार छेडल्याक्षणी संगणकातून दुसरं वाद्य वाजायचं तर ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी व्हायला हवं.

दुसरी अडचण विजेची. गिटारच्या पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा रोध लागतो. मायक्रोफोनच्या भोकात तो काही हजारांवर असतो. तिथे गिटार लावली की सिग्नल दबतो, वरचे स्वर विझतात, आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो.

कान सुधारले ते कॅलिफोर्नियाच्या वाटेने. १९९३ मध्ये क्रिएटिव्हने ई-म्यू ही सँपलर बनवणारी जुनी कंपनी विकत घेतली. १९९४ च्या एडब्ल्यूई ३२ कार्डावर ई-म्यूची चिप आली आणि खऱ्या वाद्यांचे मुद्रित नमुने साउंडफॉन्टच्या रूपाने घरगुती संगणकात उतरले. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हपर्यंत ऐकणं-बोलणं एकत्र नांदू लागलं होतं. दरम्यान जर्मनीतल्या स्टाइनबर्गने १९९६ मध्ये व्हीएसटी आणि पुढच्या वर्षी एएसआयओ आणलं होतं. व्हीएसटीमुळे इफेक्ट, आणि १९९९ पासून अख्खी वाद्यं, सॉफ्टवेअर म्हणून लावता येऊ लागली. एएसआयओमुळे आवाज विंडोजच्या आडवळणांतून न जाता थेट कार्डाशी बोलू लागला. लाइव्ह कार्डाला एएसआयओ मात्र कंपनीने दिलं नव्हतं. ते केएक्स नावाच्या ड्रायव्हरने दिलं, आणि तो बाहेरच्या हौशी लोकांनी लिहिला होता. पुढे क्रिएटिव्हने स्वतः ई-म्यूच्या नावाने ०४०४ यूएसबीसारखे इंटरफेस काढले. त्यांत गिटारसाठी वेगळा, उच्च रोधाचा जॅक होता. गेमच्या कार्डापासून इथवर यायला दीड दशकाहून अधिक काळ गेला.

तरीही गिटार सहजी हाती लागत नाही, कारण सॉफ्टवेअरमधल्या सेलोला आवाज नकोच असतो. त्याला हवा स्वराचा क्रमांक आणि आघाताचा जोर. १९८३ चं मिडी हे कळफलकाभोवती बेतलेलं: पट्टी दाबली, क्रमांक गेला. गिटारमधून येते नुसती थरथरती वीज. त्यातून क्रमांक हुडकून काढावा लागतो. म्हणून सिग्नल क्लीन हवा. डिस्टॉर्शन लावलं की दोन स्वरांच्या घुसळणीतून तिथे नसलेले स्वर उपजतात, जोराचे चढउतार सपाट होतात, आणि बिचारं सॉफ्टवेअर भलतेच क्रमांक देतं. कोरस, डिले ही मंडळीही आधी बाजूला काढावीत. ती नंतर, सेलोवर लावता येतात.

जपानच्या रोलँडने या पेचाला १९७७ च्या जीआर-५०० मध्ये हात घातला होता: सहा तारांना सहा स्वतंत्र पिकअप, म्हणजे कोणती तार बोलली याचा गोंधळ नाही. मिडी आल्यावर प्रत्येक तारेला स्वतःचा चॅनेल देता आला. आपल्या कानाला याचं मोल पटकन कळेल. एकाच चॅनेलवर सगळ्या तारा असतील तर एका तारेवर मींड घेताना बाकीचे स्वरही सोबत फरफटतात. वेगवेगळ्या चॅनेलवर एक तार खेचली तर तीच सरकते.

आता डेन्मार्कच्या जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे सॉफ्टवेअर साध्या जॅकमधल्या क्लीन सिग्नलवरून एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर ओळखतं. वेगळा पिकअप लागत नाही. पण एक गोष्ट कुठल्याही प्रोग्रॅमला चुकवता येत नाही. गिटारची जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, म्हणजे एका आंदोलनाला १२ मिलिसेकंद. स्वर खात्रीने ओळखायला साधारण दोन आंदोलनं ऐकायची म्हटली तर २४ मिलिसेकंद तिथेच गेले. त्या मानाने कार्डाचा वाटा किरकोळ आहे: सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना १२८ नमुन्यांचा बफर ठेवला तर एका फेरीला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. बारीक तार मात्र सेकंदाला ३३० वेळा थरथरते, तिचं एक आंदोलन तीन मिलिसेकंदांत उरकतं. म्हणून जाणकार सेलोची खर्जातली ओळ गिटारवर एक सप्तक वर वाजवतात आणि सॉफ्टवेअरमध्ये सेलो एक सप्तक खाली उतरवून ठेवतात.